ओहोटीबरोबर वसईला

वसईचा किल्ला आपण गाडीने जाऊन बघतो. मला तो खाडीतून, कयाकमधून बघायला आवडतो. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये मिळाली ती गुजरातच्या बहादुरशहाकडून. उल्हास नदीच्या मुखावरचं हे ठाणं हातात असलं की घोडबंदर, ठाणे, कल्याणकडे जाणाऱ्या गलबतांवर नजर राहायची. पाण्याच्या पातळीवर बसलं की हे नकाशाशिवाय कळतं. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात किल्ला घेतला, तो वेढा किती अवघड असेल तेही!

घोडबंदरहून ओहोटी धरून निघावं. पाणजू बेट, रेल्वेचे पूल, मग तटबंदी. भरती लागली की उलट वल्हवणं जड जातं, म्हणून वेळापत्रक आणि लाइफ जॅकेट हवंच. अशा सहली सुरू करायच्या तर वाटाड्याचं काम इथल्या कोळी तरुणांनाच द्या. खाडीचे प्रवाह त्यांना ठाऊक आहेत.