किती लिटरचा बोर्ड? हा पहिला प्रश्न नव्हे

विंडसर्फिंग शिकून एखादा हंगाम गेला, भाड्याचे बोर्ड पुरेनासे झाले, की माणूस स्वतःचा बोर्ड घ्यायला निघतो. पैसे एकाच बोर्डाचे असतात आणि समुद्रावरचा वारा मात्र रोज वेगळा. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘जास्तीत जास्त लिटरचा घे, मोठा बोर्ड सगळ्या वाऱ्यात चालतो.’ गोव्यात ऐकू येतो, मुंबईत ऐकू येतो, परदेशात शिकून आलेल्यांकडूनही ऐकू येतो. हा सल्ला अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच तो जास्त नुकसान करतो. त्याच्या भरवशावर 180 लिटरचा बोर्ड घेणारा माणूस एप्रिलच्या पहिल्या जोरदार दुपारी पाण्यात आपटत राहतो आणि दोष स्वतःला देतो. दोष त्याचा नसतो. त्याला चुकीचा आकडा वाचायला शिकवलेलं असतं.

आधी या आकड्याची बाजू नीट समजून घेऊ. बोर्ड 130 लिटरचा आहे याचा अर्थ तो पूर्ण पाण्याखाली दाबला तर 130 लिटर पाणी बाजूला सारेल. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण 1.025 किलोचं असतं. आता 75 किलोचा माणूस धरा. बोर्ड 8 किलो, शीड-मास्ट-बूम मिळून 9 किलो, हार्नेस, लाइफ जॅकेट आणि ओले कपडे 3 किलो. एकूण 95 किलो. एवढं वजन समुद्रात तरंगत ठेवायला जवळपास 93 लिटर लागतात. म्हणजे 93 लिटरच्या बोर्डावर हा माणूस उभा राहिला तर बोर्ड पाण्याच्या पातळीला येईल आणि जराशा धक्क्याने खाली जाईल. 130 लिटरचा बोर्ड घेतला तर 37 लिटर शिल्लक राहतात. पडलेलं शीड दोरीने वर ओढायचं असेल, वारा पडल्यावर उभं राहून हळूहळू किनारा गाठायचा असेल, तर ही शिल्लक लागतेच. वजनात तीस-चाळीस मिळवून येणारे लिटर हा जो हिशेब शिकवणारे सांगतात, तो इथून येतो. उभं राहण्यापुरता तो बिनचूक आहे.

लिटरचं काम इथे संपतं.

बोर्डाने वेग घेतला की तो पाणी कापत जाणं सोडतो आणि पाण्यावरून घसरत जाऊ लागतो. यालाच सगळे प्लेनिंग म्हणतात आणि याच्यासाठीच बहुतेक जण या खेळात येतात. त्या अवस्थेत माणसाचा भार मुख्यतः तळावर खालून आदळणाऱ्या पाण्याचा जोर पेलतो, बोर्डाची तरंगण्याची ताकद नव्हे. बोर्डाचा बराचसा भाग तर हवेतच असतो. तिथे काय महत्त्वाचं ठरतं? रुंदी, त्यातही शेपटाकडची रुंदी, तळाची वक्रता, आणि फिन. यांपैकी एकही गोष्ट लिटरच्या आकड्यात दिसत नाही. तांब्याभर पाणी परातीत ओतलं तरी ते तांब्याभरच राहतं, पण म्हणून तांब्याला कुणी परात म्हणत नाही.

कुणाला हे पटत नसेल तर ऑलिम्पिकचेच बोर्ड शेजारी ठेवून पाहावेत. त्यांची मापं वर्गाच्या नियमांत छापलेली असतात. 1996 ते 2004 या तीन ऑलिम्पिकमध्ये मिस्ट्रल वन डिझाइन हा बोर्ड होता: लांबी 372 सेंटीमीटर, रुंदी 63.5 सेंटीमीटर, सुमारे 235 लिटर. त्यानंतर बीजिंगपासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स आला: लांबी 286, रुंदी 93, सुमारे 220 लिटर. लिटरमध्ये फरक पंधराचा. पण एक 86 सेंटीमीटरने लांब आणि दुसरा जवळजवळ तीस सेंटीमीटरने रुंद! सहा-सात नॉटच्या वाऱ्यात मिस्ट्रल लांबीच्या जोरावर शांतपणे सरकत राहतो. वारा थोडा वाढला की आरएस:एक्स भलंमोठं शीड पेलून प्लेन करू लागतो आणि लांबड्या, अरुंद बोर्डाला मागे टाकतो. लिटर पाहून हे दोन्ही ‘एकाच मापाचे’ म्हणणारा माणूस तुम्हाला बोर्ड निवडून देत असेल, तर त्याचे आभार मानून पुढे चला.

रुंदी एवढं काय करते, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निवड इथेच होते. शीड माणसाला आणि बोर्डाला वाऱ्याच्या दिशेने ढकलतं, फिन पाण्यात उभी राहून त्याला अडवते. शीड जितकं मोठं तितकी फिन मोठी हवी. आणि मोठी फिन बोर्डाची एक कड उचलू पाहते, तिला पायाने दाबून ठेवायला तितकीच लांब तरफ लागते. ती तरफ म्हणजे शेपटाकडची रुंदी. म्हणून रुंद शेपटाचा बोर्ड 8 चौरस मीटरचं शीड आरामात घेतो आणि कमी वाऱ्यात लवकर प्लेन करतो. अरुंद बोर्डावर तेच शीड लावलं की तो एका बाजूला घसरत बसतो.

मग सर्वात रुंद तोच घ्यावा, असं वाटेल. वारा वाढल्यावर याच गुणांचे दोष होतात. 18-20 नॉटमध्ये पाण्यावर आखूड, खडबडीत लाटा उठतात. रुंद तळ प्रत्येक लाटेवर आदळतो, नाक वर उचललं की खाली वारा शिरतो, मोठी फिन बोर्डाला पाण्याबाहेर ढकलते, आणि फूटस्ट्रॅप इतके बाहेरच्या कडेला असतात की मधल्या पायरीवरच्या शिकाऊ माणसाचा पायच पोचत नाही. छोटं शीड लावून हे सुटत नाही, कारण छोट्या शिडाला एवढ्या रुंद शेपटाची आणि एवढ्या फिनची गरजच नसते. दोघं एकमेकांशी भांडत राहतात. ‘मोठा बोर्ड सगळ्या वाऱ्यात चालतो’ हे वाक्य इथे कोसळतं. मोठा बोर्ड सगळ्या वाऱ्यात तरंगतो. चालण्याची हमी कुणी दिलेली नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, कारण बोर्ड कॅटलॉगसाठी घ्यायचा नसतो. ऑक्टोबर ते मे या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे, म्हणजे जमिनीकडून येणारी हलकी झुळूक. दुपारी खारे वारे सुरू होतात, बहुधा वायव्येकडून. हिवाळ्यात ते हलके ते मध्यम असतात, मार्च ते मे त्यांना जोर येतो. पावसाळ्यात खुल्या समुद्रात जायचं नाही. मासेमारीलासुद्धा पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी असते. म्हणजे आपला खरा प्रश्न आठ ते अठरा नॉटच्या दरम्यानचा आहे, ताशी साधारण पंधरा ते तेहतीस किलोमीटर. हवाईतल्या लाटा किंवा युरोपातली वादळी थंडी आपल्या हिशेबात धरायचं कारण नाही, आणि तिथल्या लोकांसाठी लिहिलेल्या शिफारशी जशाच्या तशा उचलायचंही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. वारा नसताना लाटा असू शकतात. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की अरबी द्वीपकल्पाकडच्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात. बोर्ड निवडताना फक्त वाऱ्याचा तक्ता पाहू नका, पाणी कसं असतं तेही पाहा.

या परिस्थितीत 75 किलोच्या, हार्नेस वापरता येणाऱ्या माणसाला मी काय घ्यायला सांगेन? फ्रीराइड जातीचा, 75 सेंटीमीटरच्या आसपास रुंदीचा बोर्ड. ही रुंदी आधी ठरवायची. मग लिटर आपोआप 120 ते 135च्या दरम्यान येतात. 55 किलोच्या मुलीसाठी रुंदी 68-70 आणि लिटर शंभराच्या अलीकडे-पलीकडे. तिला सरसकट ‘शिकणाऱ्यांचा मोठा बोर्ड’ देणं हा अन्याय आहे. हलक्या अंगाच्या माणसाला रुंद बोर्डाची कड दाबायला ताकद कमी पडते आणि बोर्ड ताब्यातच येत नाही. अजून हार्नेस जमत नसेल, शीड ओढताना तोल जात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आणखी एक हंगाम भाड्याच्या रुंद बोर्डावर काढा.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच पक्का असतो: एका बोर्डात काहीच भागत नाही, निदान तीन हवेत. भागतं. आरएस:एक्सच्या शर्यतींत पुरुषांना 9.5 चौरस मीटरचं एक शीड आणि एक बोर्ड, तेवढ्यावर हलका वारा असो की जोरदार, उतरावं लागे. 2023मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या खेळाडूंची ताकद तुमच्या-माझ्याकडे नाही हे खरं, पण आपल्याला नियमाने एकाच शिडाला बांधलेलंही नाही. आणि पल्ला खरा वाढतो तो शिडांनीच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: आठ नॉटचा वारा सोळा नॉट झाला की जोर चौपट. एक शीड हे पेलू शकत नाही. एका बोर्डाबरोबर 7.5, 6.2 आणि 5.2 अशी तीन शिडं आणि दोन फिन, एक 44 सेंटीमीटरची, एक 36ची, असा संच केला तर आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक दिवस खेळता येतं. दुसऱ्या बोर्डासाठी पैसे साठवणाऱ्यांनी ते आधी दुसऱ्या फिनवर खर्च करावेत. छोटी फिन लावली की तोच बोर्ड जोरदार वाऱ्यात ओळखू न येण्याइतका शहाणा होतो, आणि ही सर्वात स्वस्त सुधारणा सर्वात कमी लोक करतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाकीचे गैरसमज झटपट. डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधोमध खाली सोडायची पाती) फक्त शिकाऊ लोकांसाठी, हे चूक. आरएस:एक्सलाही तो होता, आणि मांडवी-जुवारीच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीत हलक्या वाऱ्यावर परत चढताना त्याची किंमत कळते. कार्बनचा बोर्ड मजबूत असतो, हेही अर्धंच खरं. तो हलका आणि ताठ असतो, पण मास्ट नाकावर आदळला तर तोही फुटतो. शीड लावता येणारा स्टँड-अप पॅडल बोर्ड म्हणजे दोन्ही खेळ एकात? हलक्या वाऱ्यात होय, प्लेनिंगचं नाव काढू नका. आणि फॉइल, म्हणजे बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारा पाण्याखालचा पंख, आल्यापासून बाकी बोर्ड निकालात निघाले, हे तर कुणी बोलूच नये. पॅरिस ऑलिम्पिकपासून शर्यती फॉइलवर होतात हे बरोबर. पण फॉइलचा दांडा जवळजवळ मीटरभर पाण्याखाली असतो, आणि आपल्या खाड्यांत उथळ वाळूचे पट्टे, मच्छीमारांची जाळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. जाळ्यात अडकलेलं फॉइल तुमचं नुकसान करतं आणि ज्याचं जाळं फाटतं त्या माणसाचं त्याहून जास्त.

आपल्याकडे बहुतेक बोर्ड वापरलेलेच मिळतात, तेव्हा घेताना काय पाहायचं ते सांगतो. बोर्ड वजनकाट्यावर ठेवा. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरला तर आत पाणी शिरलेलं आहे. उभं राहण्याच्या जागी अंगठ्याने दाबा, मऊ लागलं तर आतला थर सुटलेला आहे. मास्ट बसवायच्या खाचेभोवती आणि फूटस्ट्रॅपच्या स्क्रूंभोवती बारीक तडे शोधा. नाक दुरुस्त केलेलं असेल तर एवढ्यानं घाबरू नका, जवळजवळ प्रत्येक जुन्या बोर्डाचं नाक कधीतरी फुटलेलं असतं. दुरुस्ती कोरडी आणि घट्ट आहे ना एवढं पाहा. शेवटी फिन काढून तिची खाच बघा. पॉवर बॉक्स, टटल, डीप टटल असे वेगवेगळे प्रकार आहेत आणि एकाची फिन दुसऱ्यात सहसा बसत नाही. तुमच्या गावात, तुमच्या क्लबात ज्या खाचेच्या फिन फिरतात तीच खाच असलेला बोर्ड घ्या, म्हणजे खडकावर फिन तुटली तर दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याला उसनी मागता येते.