आजीबाईंच्या डब्यातील रुपया : जुन्या नाण्याची किंमत कशी ठरते?

भंडारा जिल्ह्यात पवनीच्या वाटेवरील एका खेड्यात आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. बोलता बोलता घरातील वृद्ध आजीबाईंनी एक पितळी डबा आमच्यापुढे ठेवला. त्यात चांदीचे नऊ रुपये, मूठभर तांब्याचे पैसे, चार आण्यांची चाळीस नाणी आणि पाचशेच्या तीन जुन्या नोटा होत्या. त्यांच्या नातवाला भ्रमणध्वनीवर एक संदेश आला होता : एका राणीछाप रुपयाचे पाच लाख मिळतील, मात्र आधी अडीच हजार रुपये नोंदणी शुल्क भरावे लागेल. शुल्कासाठी त्याने उसनवारीही करून ठेवली होती. "फादर, पाठवू का पैसे?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "थांब. आधी या डब्यात नेमके काय आहे ते पाहू."

असे डबे आपल्या अनेक घरांत आहेत. म्हणून तेथे झालेला हिशोब वाचकांपुढे मांडीत आहोत.

एका नाण्याच्या चार किंमती

नाण्यावर छापलेली असते ती त्याची दर्शनी किंमत. त्यातील चांदी-तांब्याची असते ती धातूची किंमत. त्या नाण्यात बाजारातून जे धान्य, कापड किंवा मजुरी मिळते ती त्याची क्रयशक्ती. आणि संग्राहक हौसेने जी देतो ती संग्रहाची किंमत. या चारही किंमती काळाच्या ओघात वेगवेगळ्या दिशांनी जातात. त्यांची गल्लत झाली की माणूस एक तर मौल्यवान वस्तू कवडीमोलाने देतो, नाही तर कवडीच्या वस्तूपायी फसतो.

बंदा रुपया

भंडारा हा पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. त्या काळी नागपुरी रुपया चाले. निरनिराळ्या टाकसाळींच्या रुपयांत चांदी कमी-अधिक असल्याने एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेत. म्हणजे रुपया दिला तरी पूर्ण रुपया हाती येईलच असे नव्हते.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम असून बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, राज्य खालसा झाले आणि हळूहळू हाच रुपया आपल्या भागातही रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर चांदी स्वस्त झाली. तेव्हा १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन त्यांना रुपये पाडून देणे बंद केले. त्यानंतर रुपयातील चांदी बहुतेक काळ एका रुपयाहून कमी किंमतीची राहिली आणि रुपया चालला तो सरकारच्या शब्दावर.

पुढे दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये साठवू लागले. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणून हाती आलेल्या रुपयावरील साल पाहणे हे पहिले काम. १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, आणि १९४७ च्या रुपयात मुळीच नाही.

आजीबाईंच्या नऊ रुपयांपैकी सहा जुने होते आणि तीन १९४४-४५ चे. चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरला, तर नऊ नाण्यांत मिळून सुमारे ८ हजार १०० रुपयांची चांदी होते. भाव रोज बदलतो, पण हिशोबाची रीत हीच. दर्शनी किंमत नऊ रुपये, धातूची किंमत हजारांत. परंतु लाखांत नव्हे.

आणा गेला, चार आणेही गेले

पूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. 'नया' हा शब्द १९६४ मध्ये गळाला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याला सहा पैसे धरले गेले. चार आण्यांचे पंचवीस पैसे मिळत, पण तेच आणे एकेक करून दिले तर चोवीसच. वाण्याच्या दुकानी या एका पैशावरून कुरबुरी होत.

पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. त्यामुळे आजीबाईंच्या चाळीस पावल्यांचे एके काळचे दहा रुपये आज बाजारात शून्य आहेत. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने अजूनही चालते. दहा रुपयांची नाणीही चालतात. त्यांच्या चौदाही नक्षी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

नोटांचे दैव याहून कठोर. मोठ्या नोटा १९४६, १९७८ आणि २०१६ अशा तीनदा रद्द झाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आता बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहाहून अधिक नोटा जवळ बाळगणे सामान्य माणसाला दंडास पात्र ठरवते. आजीबाईंच्या तीन नोटा आठवण म्हणून राहू शकतात, पैसा म्हणून नाही.

शंभर रुपयांचे धान

नोट रद्द झाली नाही तरी तिची शक्ती आटतेच. आपला जिल्हा धानाचा, म्हणून धानानेच मोजू. साधारण धानाचा आधारभूत भाव २००४-०५ मध्ये क्विंटलला ५६० रुपये होता, २०२४-२५ मध्ये २,३०० रुपये. म्हणजे शंभराच्या नोटेत पूर्वी जवळजवळ १८ किलो धान येई, वीस वर्षांनी जेमतेम साडेचार किलो. नोट तीच, आकडा तोच, पण डब्यात पडल्या पडल्या तिच्यातील तीन हिस्से धान नाहीसे झाले. 'पैशाला पासरी' ही म्हण आज थट्टेची वाटते, पण कधीकाळी पैशाला वजन होते याची ती साक्ष आहे.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एका दिवसाची मजुरी एक दिनार ठरते. तो जुना दिनार आज कोठे चालत नाही, तरी त्याची किंमत आपल्याला कळते, कारण ती एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टाने मोजलेली आहे.

हौशीची किंमत

संग्राहक केवळ जुनेपणाला पैसे देत नाही; तो दुर्मीळता आणि नाण्याची स्थिती पाहतो. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतेक नाणी वितळविण्यात आली. म्हणून तो रुपया इतरांपेक्षा महाग. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपयाही फार दुर्मीळ आहे. उलट कोट्यवधींनी पाडलेल्या नाण्याला चांदीहून थोडेच अधिक मिळते.

भंडारा पितळी भांड्यांचे गाव, त्यामुळे चिंचेने भांडी लखलखीत करण्याची आपल्याला सवय. नाण्यांना मात्र चिंच लावू नये. घासलेल्या नाण्याची संग्रहातील किंमत उतरते.

सावध राहा

जुन्या नाण्या-नोटांसाठी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक अशा व्यवहारात नसते आणि तिने कोणाला त्याचा अधिकारही दिलेला नाही. खरा खरेदीदार पैसे देतो, आधी मागत नाही. नाणे विकायचेच असल्यास दोन-तीन ठिकाणी दाखवावे.

आणखी एक गोष्ट. पवनीसारख्या प्राचीन गावाच्या परिसरात जमिनीतून जुनी नाणी निघतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. त्या काळी दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा बंदे रुपये. आज दहा रुपयांत चहा येतो. रुपया बदलला, कायद्यातील आकडा तेथेच राहिला.

नातवाने शुल्क भरले नाही. उसने पैसे परत केले. आजीबाईंनी चांदीचे रुपये पुन्हा डब्यात ठेवले. ते कोणाला विकावेत असे आम्ही त्यांना सुचविले नाही. एवढेच म्हटले की, त्या रुपयांची गोष्ट, ते कोणी, कोणत्या कष्टातून साठविले, हे नातवाला सांगून ठेवा. ती किंमत कोणत्याही तराजूत येत नाही आणि सांगणारे माणूस गेले की तीही चलनातून बाद होते.