इब्री रीतीचें नित्य वाचन

पवित्र शास्त्राचा एक अध्याय रोज वाचावा, असा नेम पुष्कळ ख्रिस्ती घरीं असतो. पण तो पाळला कसा जातो? मुलगा कोपऱ्यांत बसतो, ओळींवरून डोळे फिरवितो आणि अध्याय संपतांच पुस्तक मिटतो. शेजारीं तांदूळ निवडीत बसलेल्या, डोळ्यांनीं अधू झालेल्या आजीच्या कानीं त्यांतील एकहि शब्द पडत नाहीं. ज्या लोकांच्या भाषेंत जुना करार लिहिला गेला, त्यांनीं ह्यास वाचन म्हटलें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच वाटते.

इब्री भाषेंत शास्त्राचें एक नांवच ‘मिक्रा’ आहे. म्हणजे मोठ्यानें वाचावयाचें तें. पहिल्या स्तोत्रांत रात्रंदिवस मनन करणाऱ्या धन्य पुरुषाचें वर्णन आहे. तेथील क्रियापद ‘हागा’ हें होय. यशयाच्या पुस्तकांत हेंच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहास व घुमणाऱ्या पारव्यास लाविलें आहे. तेव्हां मनन म्हणजे नुसता मुकाट्यानें केलेला विचार नव्हे, तर पाठ म्हणणाऱ्या मुलाप्रमाणें शब्द ओठांवर घोळविणें होय. वर्गांत पुटपुटल्याबद्दल ज्यांस शिक्षा होते, त्यांनीं मात्र हा आधार गुरुजींपुढें करूं नये!

दुसरा शब्द ‘शेमा’. अनुवादाच्या ६ व्या अध्यायांतील जें वचन यहूदी लोक सकाळीं व रात्रीं म्हणतात, त्याचा हा पहिला शब्द. अर्थ ‘ऐक’. पण आज्ञा पाळणें या अर्थींहि इब्री भाषेंत बहुधा हेंच क्रियापद येतें. परक्या भाषेंतून शास्त्र शिकणाऱ्यास हें समजावून द्यावें लागतें. मराठी मुलास तें आयतेंच कळतें. ‘हा मुळींच ऐकत नाहीं’ असें आई म्हणते, तेव्हां मुलाच्या कानांत दोष आहे असें कोणी समजत नाहीं.

आतां रोज किती वाचावें? मोशेच्या पांच पुस्तकांचे यहूदी लोकांनीं ५४ भाग केले आहेत. दर शब्बाथीं सभास्थानांत एक, क्वचित् दोन, असे वाचून वर्षांत तीं पुरीं होतात. प्रत्येक भागाचे सात पोटभाग असल्यामुळें कित्येकजण घरीं रोज एक वाचतात. सिम्हाथ तोरा या सणीं अनुवादाचा शेवटचा अध्याय संपतांच उत्पत्तीचा पहिला उघडला जातो. त्यांचा दिवसहि सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणून सायंकाळचें वाचन हें दिवसाची अखेर नसून त्याचा आरंभच होय.

या रीतीचें बळ पाहण्यास यरुशलेमेस जावयास नको. आपल्या कोंकणांत तेल गाळणारे बेने इस्राएल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. इब्री भाषेचें ज्ञान एके काळीं त्यांच्यापाशीं जवळजवळ उरलें नव्हतें. तथापि शेमाचें वचन तोंडीं राहिलें होतें, आणि प्रत्येक धर्मविधीच्या प्रसंगीं तेंच ते म्हणत. पुस्तक हातीं नसतां कानांनीं तें राखिलें.

दिवेलागणीस आजीजवळ बसून उत्पत्तीचा पहिला अध्याय स्पष्ट स्वरानें वाचून पाहा. तिनें मध्येंच प्रश्न विचारला तर थांबा. अध्याय उद्यां पुरा झाला तरी चालेल. नहेम्याच्या ८ व्या अध्यायांत एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, तेव्हां लोकांना अर्थ सांगण्यासाठीं लेवी मुद्दाम उभे केलेले असतात.