मढचा किल्ला आणि राष्ट्रांची मैत्री



मढच्या टोंकावर, लाटा जेथें खडकावर आदळतात तेथें, पोर्तुगीजांनीं बांधलेला एक लहानसा किल्ला उभा आहे. १७३९ ते १७७४ या अवघ्या पस्तीस वर्षांत त्यानें तीन सत्तांचीं निशाणें पाहिलीं. असें कां झालें, हें शोधूं लागलें म्हणजे राष्ट्रांची सुरक्षितता, त्यांचे तह व त्यांची स्पर्धा यांचें एक स्वतंत्र शास्त्र आहे हें ध्यानांत येतें.

१७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेले. मोहीम फसतांच पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं निराळा तह केला. पुढें चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, मढचा किल्ला मराठ्यांकडे आला. मुंबईकर इंग्रज जुन्या मित्रासाठीं रणांत उतरले नाहींत. उलट वसई पडल्यावर त्यांनीं मराठ्यांशींच व्यापाराचा तह केला. १७७४ च्या डिसेंबरांत, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी वार्ता येतांच इंग्रजांनीं घाईनें साष्टी स्वतःच बळकाविली. एकाच्या तयारीनें दुसऱ्यास भय वाटतें, व त्या भयानें तोही शस्त्र उचलतो. आजचे अभ्यासक यालाच सुरक्षिततेचा पेच म्हणतात.

अशा गोष्टी उजेडांत येतात त्या विद्वानांच्या कष्टानें. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) हे १९३१ पासून तेथील सरकारी दप्तरखान्याचे प्रमुख होते. पोर्तुगीज भाषेंतील जुने कागद वाचून मराठ्यांचे व पोर्तुगीजांचे संबंध उलगडण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या पक्षाचें दप्तर तर सर्वच वाचतात. प्रतिपक्षाचें दप्तर त्याच्याच भाषेंत वाचणें, हें खऱ्या अभ्यासकाचें लक्षण होय.

आज या विषयाचें उच्च शिक्षण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत व पुण्याच्या विद्यापीठांतही मिळतें. त्यास इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व निदान एक परकी भाषा हवी. त्याहून अधिक हवा तो धीर. पदवीनंतर संशोधनास कित्येक वर्षें लागतात, आणि धनलाभ लवकर होत नाहीं, हें पालकांनींही जाणून असावें.

परंतु मित्र कां दुरावतात व भयांतून युद्ध कसें उद्भवतें, हें ज्यास आधीं कळलें, तोच वेळीं सावधगिरीचा शब्द सांगूं शकतो. तो शब्द ऐकला न गेल्यास त्याची किंमत किनाऱ्यावरील साध्या माणसांस भरावी लागते. मढचा किल्ला दिसेल तेव्हां एवढें अवश्य आठवा.