रिपोर्ट हाती आला, आता विचारायचे कोणाला?

हाती जर्मन भाषेतला रक्ताचा रिपोर्ट, स्पेशालिस्टची तारीख दोन महिन्यांनंतरची आणि शुक्रवारी दुपारी फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद. अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण चॅटजीपीटीला विचारून मोकळे होतात. मी स्वतः सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि हे साधन रोज वापरतो. तरीही औषधाचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये, असे मला वाटते. याचे कारण एका उदाहरणावरून लक्षात येईल.

अमेरिकेतील एका ६० वर्षांच्या गृहस्थांची हकिगत २०२५ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आहारातून मिठातले क्लोराइड काढून टाकायचे त्यांनी ठरवले. चॅटजीपीटीशी सल्लामसलत केल्यावर त्यांनी मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड मागवले आणि तीन महिने खाल्ले. पुढे त्यांना भास होऊ लागले, शेजारी आपल्याला विष घालतो आहे असे वाटू लागले. ब्रोमाइडची विषबाधा झाली होती. तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी तसाच प्रश्न चॅटजीपीटीला विचारून पाहिला. उत्तरात ब्रोमाइड होते, पण "तुम्हाला हे कशासाठी हवे आहे?" असा उलट प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी तो आधी विचारला असता.

हे यंत्र शब्दांपुढे जुळणारे शब्द मांडते. आपण जे सांगितले नाही, ते त्याला ठाऊक नसते. साखरेचेच पाहा. भारतात आणि पश्चिम जर्मनीत ती सहसा मिलिग्रॅममध्ये लिहितात, तर पूर्वेकडे लाइपझिग, ड्रेस्डेन भागात मिलिमोलमध्ये. तिकडचे ७ म्हणजे आपले १२६. नुसता '७' टाकला, तर ती उपाशीपोटीची साखर की तीन महिन्यांच्या सरासरीचा टक्का, हे यंत्राला कसे कळावे?

मग काय करावे? जर्मन पत्राचा अर्थ लावण्यासाठी आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढण्यासाठी यंत्र जरूर वापरा. मात्र नाव, जन्मतारीख आणि विमा क्रमांक आधी खोडा. गोळी सुरू करणे, बंद करणे किंवा कमीजास्त करणे डॉक्टरांना विचारूनच. दवाखाना बंद असेल, तर ११६११७ हा क्रमांक रात्री व सुट्टीच्या दिवशीही चालतो, फोन मोफत आहे. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली, तर टाइप करत बसू नका, थेट ११२ फिरवा.

खर्चाचेही पाहू. सरकारी आरोग्य विम्यात डॉक्टरांना भेटण्याची वेगळी फी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली पाच किंवा अधिक औषधे नियमित चालू असतील, तर औषधांच्या दुकानात फार्मासिस्टकडून ती एकत्र तपासून घेण्याची सोय २०२२ पासून आहे. खर्च विमा उचलतो. दरमहा हप्ता आपण भरतोच. मग हक्काचा सल्ला सोडून फुकटच्या अंदाजावर का विसंबावे?