धनुष्कोटीचें उजाड स्टेशन

महाराष्ट्रांतून काशी-रामेश्वराच्या यात्रेस जाणाऱ्यांस धनुष्कोटी हें नांव नवें नाहीं. रामेश्वर बेटाच्या टोंकाशीं, दोहों बाजूंस समुद्र असलेली ही वाळूची अरुंद पट्टी सेतुस्नानाकरितां प्रसिद्ध आहे. येथील वाळू प्रयागास नेण्याची चालहि जुनी आहे. परंतु एके काळीं येथें आगगाडीचें गजबजलेलें स्टेशन होतें, हें आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्याची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मद्रासेहून कोलंबोस जाणारे उतारू पूर्वीं तुतिकोरीन बंदरीं आगबोटींत चढत, व त्यांस समुद्राचा लांबचा प्रवास करावा लागे. इ. स. १९१४ सालीं पांबनच्या सामुद्रधुनीवर पूल झाला आणि रूळ थेट धनुष्कोटीस पोंचले. समोरच लंकेंतील तलैमन्नार बंदर. 'बोट मेल' धक्क्यापाशीं येई. उतारू आगबोटीनें पलीकडे जात व तेथें पुन्हां गाडींत बसत. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट चाले. स्टेशनाभोंवतीं जकातीची कचेरी, टपालघर, शाळा, दवाखाना व ख्रिस्तमंदिर अशी वस्ती वाढली.

ता. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं तेथें भयंकर चक्रीवादळ झालें. पांबनहून निघालेली गाडी स्टेशनाजवळ आली असतां समुद्राची प्रचंड लाट तिजवर कोसळली, व गाडींतील शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. गांवहि उद्ध्वस्त झालें.

त्याच वादळानें पांबनचा पूलहि मोडला होता. पण इंजिनियर ई. श्रीधरन् यांच्या देखरेखीखालीं तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हां उभा राहिला. मग धनुष्कोटीचे रूळ पुन्हां कां घातले गेले नाहींत? पुलापलीकडे रामेश्वर क्षेत्र होतें, तेथील लोकांची व यात्रेकरूंची गरज कायम होती. धनुष्कोटीस मात्र गाडीनें जावें असें गांवच उरलें नव्हतें. सरकारनें ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली, आणि लंकेची आगबोट रामेश्वराहून सुटूं लागली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत लंकेंतील युद्धामुळें तीहि बंद पडली.

आज तेथें स्टेशनाच्या पडक्या भिंती, पाण्याची टांकी व ख्रिस्तमंदिराच्या प्रवाळी दगडाच्या भिंती तेवढ्या दिसतात. जवळच कोळ्यांच्या झोपड्या आहेत. पांबनला २०२५ सालीं नवा पूल झाला, तरी गाडी रामेश्वरासच थांबते; पुढें मोटारीचा रस्ता आहे. त्या रस्त्यानें सेतुस्नानास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं त्या भिंतींपाशीं क्षणभर थांबावें, आणि स्टेशन अगदीं जवळ आलें असतां जे उतरूं शकले नाहींत, त्यांचें स्मरण करावें.