लस फुकट, पण दिवस कोण देणार?

सकाळी सात-साडेसातला पांढराबोडी, तेलंगखेडी, फुटाळा या वस्त्यांतून बाया धरमपेठेच्या बंगल्यांकडे कामाला निघतात. भांडी, झाडू-पोछा, स्वयंपाक, कोणाचे तरी बाळ सांभाळणे. चार घरची कामे उरकून त्या परततात तोवर वस्तीतले लसीकरणाचे सत्र आटोपलेले असते. आशाताईने आदल्या दिवशी निरोप दिलेला असतो. पण एक खाडा म्हणजे पगारात कपात आणि चार खाडे म्हणजे कामच गेले! मग डोस पुढच्या महिन्यावर जातो, पुढच्या महिन्यात बाळाला ताप असतो आणि कार्डावरचा रकाना कोराच राहतो. अशा आईला ‘अडाणी’, ‘बेजबाबदार’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोऱ्या रकान्याची किंमत काय असते, हे २०२२ साली मुंबईने पाहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीत दोन-तीन दिवसांत तीन लेकरे गोवराच्या संशयाने दगावली. पाठोपाठ मालेगाव आणि भिवंडीतही उद्रेक झाला. कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, त्याचे हे फळ. देवनारच्या कचरा डेपोला खेटून असलेल्या त्या वस्त्यांत कोण राहते, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको.

गोवर हा साधा पुरळाचा आजार नाही. लस न घेतलेल्यांच्या वस्तीत एक रोगी १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. आधीच कुपोषित असलेल्या बाळाला त्यातून न्यूमोनिया होतो, कधी डोळे जातात. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. म्हणजे नऊ महिन्यांखालचे बाळ सर्वस्वी इतरांच्या भरवशावर! शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच ते सुरक्षित. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पूर्ण लसीकरण ७३ टक्क्यांच्या आसपास भरले. देशाची सरासरी ७६ च्या घरात होती. पुरोगामी म्हणवणारे आपले राज्य देशाच्या सरासरीच्याही मागे! (आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठला की ‘माता आली’ म्हणून कडुलिंबाचा पाला बांधणारी घरे आपल्यातही अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही माता कुठून आली, हे एकदा विचारावेसे वाटते. असो.)

बाबासाहेब आणि रमाई यांची पाचपैकी चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. बीसीजीची लस माणसाला प्रथम दिली गेली ती १९२१ मध्ये, पॅरिसला. भारतात तिची मोठी मोहीम सुरू व्हायला १९५१ उजाडले. गोवराची लस आली १९६३ साली. रमाईच्या हाती यातले काहीच नव्हते. आज खाजगी दवाखान्यात हजारो रुपये घेणारी न्यूमोकोकलची लससुद्धा सरकारी केंद्रात मोफत मिळते. दर १४ एप्रिलला रमाईच्या त्यागावर आपण भाषणे करतो. वस्तीतल्या किती बाळांची कार्डे आपण त्या दिवशी पाहतो?

वकील म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, असा निकाल दिला. तो कलम २१ वर उभा आहे आणि योग्य आहे. पण काही सुशिक्षित मंडळी त्याचा आधार घेऊन ‘आम्ही मुलांना टोचणार नाही’ म्हणतात, तेव्हा दोन गोष्टी विसरतात. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण वैध ठरवले आहे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधने घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला आहे. शिवाय स्वतःच्या शरीराबद्दल नकार देणे वेगळे आणि बोलताही न येणाऱ्या लेकराच्या वतीने नकार देणे वेगळे. कलम २१ त्या लेकरालाही आहे.

लोकांचा संशय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, पण यानंतर एखादी आई दचकली तर दोष कोणाचा? त्यावर उपाय लस टाळणे हा नाही. उपाय आहे प्रश्न विचारणे. पोलिओच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायोग्य. तो दाखवा म्हणायचे. कोणती लस दिली, त्रास काय होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, हे सांगणे नर्सबाईंचे कामच आहे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे. एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, त्याचे औषध विचारून घ्यायचे. आणि कार्ड जातीच्या दाखल्यासारखे जपायचे!

आता मूळ प्रश्नाकडे. २६ आठवड्यांची प्रसूतिरजा २०१७ साली कायद्यात आली, पण घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. तिच्यासाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने तिला डोसाच्या दिवसाची सुट्टी काही मिळाली नाही. आपल्या चळवळीतलेही बरेच जण आता धरमपेठ, रामदासपेठेत फ्लॅट घेऊन राहतात. त्यांच्याही घरी बाई कामाला येते. वर्षभरात बाळाच्या डोसांच्या पाच-सहा सकाळी पगार न कापता तिला द्यायला त्यांना कोणत्या कायद्याची गरज आहे? त्यांच्या घरातल्या सहा महिन्यांच्या नातवाला गोवरापासून वाचवायचे असेल, तर त्याला कडेवर घेणाऱ्या बाईचे लेकरू आधी सुरक्षित हवे, एवढा स्वार्थ तरी कळावा!

महानगरपालिकेच्या धरमपेठ झोनकडे आपली मागणी साधी असावी. महिन्यातून एक सत्र रविवारी आणि एक सायंकाळी सहानंतर, वस्तीतच घ्यावे. जागेची अडचण सांगितली तर विहार आहेत. विहार समित्यांनी तसे पत्र आधीच द्यावे आणि सत्राची तारीख विहाराच्या फलकावर लिहावी. निवेदनाचा मसुदा मी करून देतो. सह्या मात्र कार्यकर्त्यांच्या नकोत, वस्तीतल्या आयांच्या हव्यात.